दुसऱ्याच्या वाटची क्षमा

२००५ सालचा जुलै. मी, विनय साळवे, वय पंचवीस, नगरच्या चर्चने पाठवलेला सुवार्तिक, इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधल्या एका स्ट्रॉबेरीच्या शेतावर हंगामी कामगारांची सेवा करत होतो. सेवा म्हणजे मुख्यतः व्हॅन चालवणं. कुणाला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं, कुणाचं पार्सल पोस्टात टाकायचं, कुणाच्या राहत्या कॅरव्हॅनमधलं गॅसचं सिलिंडर बदलायचं. बायबल उघडायला रविवार उजाडायचा, आणि तोवर माझेच डोळे मिटायला लागलेले असायचे.

लंडनच्या हॅरोहून राजीवकाकांचा फोन यायचा.

"काय मिशनरीसाहेब, हाउ मेनी सोल्स धिस वीक?"

"सोल्स नाहीत काका. दोन रूट कॅनाल."

"यू साउंड शॅटर्ड, रे. वीकेंडला ये घरी. काकू सुके बोंबील आणते वेम्बलीहून."

मी दमलोच होतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सातासमुद्रापार आलो, असं दिवसातून तीनदा तरी वाटायचं. सुवार्तिकाला हे शोभत नाही, पण वाटायचं.

शेतावर बरेचसे बल्गेरियन विद्यार्थी होते, आणि अकराजण सामोआ नावाच्या, पॅसिफिकमधल्या बेटांवरचे. सगळे तिशीच्या आतले, दोन वर्षांच्या व्हिसावर आलेले. देवाच्या खालोखाल त्यांच्यात पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा मान, आणि मी त्यांच्या लेखी पाळकच. मी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. मी फोनवर असलो तर सगळे मांडीवर हात ठेवून गप्प बसून राहायचे, आणि त्यांचा भात गार व्हायचा. आमच्या नगरला पाळकाला वांग्याची भाजी मिळते, वर सल्लेही मिळतात. या मानाचं मला ओझं व्हायचं आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

त्यांच्यातला योआने वीस वर्षांचा, उंचापुरा आणि धांदरट. एका मंगळवारी कुणाला न विचारता तो ट्रॅक्टरवर चढला आणि क्रेटांची ट्रॉली त्याने मागे घेतली. मागे स्तोयान नावाचा बल्गेरियन मुलगा होता. ट्रॉली आणि खांबाच्या मध्ये त्याचा पाय सापडला, हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याची बहीण राद्का शेजारच्याच ओळीत फळं तोडत होती. तिने भावाची किंकाळी ऐकली.

मग रोज दोनदा राद्काला हॉस्पिटलला न्यायचं काम माझ्याकडे आलं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पाय बरा होईल, पण मुलगा लंगडेल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हंगाम भरात असल्यामुळे मालकाने योआनेला कामावरून काढलं नाही. पण योआनेला कामाची पर्वाच नव्हती. तो जेवेना. राद्का समोरून आली की पाठ करून उभा राहायचा. "तिने माफ केल्याशिवाय मी आईला तोंड कसं दाखवू?" एवढंच एकदा मला म्हणाला. मी म्हटलं, प्रार्थना कर.

शनिवारी सकाळी साडेपाचला व्हॅन घेऊन पोचलो, तर राद्काच्या कॅरव्हॅनसमोर चिखलात अकराच्या अकरा सामोअन मांडी घालून, माना खाली घालून बसलेले. भुरभुर पाऊस पडत होता. बाकीच्यांनी अंगावर चादरी ओढल्या होत्या. पुढे योआने, आणि त्याच्या डोक्यावरून पार जमिनीपर्यंत बारीक विणीची एक चटई. त्याच्या आईने बरोबर दिलेली, पेटीतून कधी बाहेर न काढलेली. हालचाल नाही, आवाज नाही. कॅरव्हॅनचं दार बंद.

सुपरवायझर माझ्यावरच घसरला. "सहाला ओळीत दिसले नाहीत तर सगळ्यांचा या आठवड्याचा पगार बंद. तुझी माणसं आहेत, हलव त्यांना."

आमच्याकडे कुणी पाया पडायला वाकलं तर ते पुरतं वाकायच्या आत खांदे धरून उठवायची रीत. वाकलेल्या माणसाला तसंच ठेवणं म्हणजे माजोरीपणा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यात झोप अपुरी आणि पाऊस चालू. मी पुढे झालो, योआनेच्या डोक्यावरची चटई उचलली, त्याचे खांदे धरले आणि म्हटलं, "ऊठ बाबा. भिजशील."

योआनेने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही नको वाटते. मग तो उठला. मागचे दहाही उठले, चादरींच्या घड्या घातल्या आणि सहाच्या आत ओळींत जाऊन उभे राहिले. आपण सगळ्यांचा आठवडा वाचवला म्हणून मी स्वतःवर खूष झालो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तविता आला. तो त्यांच्यातला सर्वांत मोठा, एकोणतीसचा, बाकीचे दहाजण त्याचं ऐकायचे. तो माझ्यासमोर उभा न राहता खाली बसला.

"आमच्याकडे याला इफोंगा म्हणतात," तो म्हणाला. "ज्याने घात केला त्याने ज्याचा घात झाला त्याच्या दारात जाऊन बसायचं. सगळ्या कुटुंबाने बसायचं. ते बाहेर येऊन मारतील, दगड घालतील किंवा चटई उचलतील. चटई उचलली की माफ केलं. ती त्यांच्याच हाताने उचलायची."

"मग आधी सांगायचं ना मला!"

"आम्हाला वाटलं, पाळकाला माहीत असतं."

"उद्या पुन्हा बसा. मी सुपरवायझरशी बोलतो."

"नाही. पाळकाने उचलली, म्हणजे देवाच्या नावाने उचलली. आम्ही पुन्हा बसलो तर तुम्हाला खोटं पाडल्यासारखं होईल. आता ती स्वतःहून आली तरच."

त्याने माझ्यावर खापर फोडलं नाही. फोडलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हॉस्पिटलहून परत येताना मी राद्काला सगळं सांगितलं.

"मी दाराच्या आतच उभी होते," ती म्हणाली. "हात कडीवर होता. ते काय करताहेत मला कळलं नव्हतं, पण माझ्यासाठी बसलेत एवढं कळलं. शिव्या द्यायच्या होत्या मला. कदाचित रडायचं होतं. तेवढ्यात तुम्ही आलात आणि उरकून टाकलंत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ माझा. माफ तुम्ही केलंत. मला कुणी विचारलं?"

गाडी थांबवावी आणि रस्त्याकडेला बसून राहावं असं वाटलं. रविवारच्या उपासनेत मी क्षमेवर बोलणार होतो. बोललो नाही. एक स्तोत्र म्हणून मोकळा झालो. योआने आलाच नव्हता.

सोमवारी पहाटे साडेपाचला मी राद्काच्या दारात चिखलात बसलो आणि कोट डोक्यावरून ओढून घेतला. योआनेसाठी नाही. त्याच्या वतीने बसायचा मला काय हक्क? मी माझ्या चुकीसाठी बसलो. पाच मिनिटांत गुडघे भरून आले. कामगार वळसा घालून जात होते. सुपरवायझर म्हणाला, "आता हाही!" आणि पुढे गेला.

कडी वाजली. कोटाखालून मला फक्त तिचे बूट दिसले.

"हे कशाला?"

"तुमचं होतं ते मी दिलं. म्हणून."

"तो कुठे आहे?"

"कॅरव्हॅनमध्ये."

बूट निघून गेले. मी कोटाची कड जरा वर केली. तिने सामोअन मुलांच्या कॅरव्हॅनचं दार हाताने बडवलं. योआने बाहेर आला, तिला पाहिलं आणि होता तिथेच ओल्या गवतात बसला. चटई आणायचं भान त्याला नव्हतं. त्याने अंगातला शर्टच वर ओढून डोक्यावर घेतला, उघडी पाठ पावसात. राद्का त्याच्यावर ओरडली, तिच्या भाषेत, पोटातून, पुन्हा पुन्हा भावाचं नाव घेऊन. तो हलला नाही. ओरडून ओरडून ती थकली, तेव्हा खाली वाकली आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावरचा शर्ट खाली ओढला. लहान मुलाला सदरा घालावा तसा कमरेपर्यंत नीट केला. मग त्याच्याशेजारीच गवतात बसून रडायला लागली. तविता आणि बाकीचे लांबच उभे राहिले. त्यांच्यातलं कुणीही पुढे आलं नाही.

सहा वाजले. दोघं उठली आणि आपापल्या ओळींकडे गेली. राद्का माझ्या अगदी जवळून गेली, थांबली नाही.

मी आणखी थोडा वेळ बसलो. मग कोट माझा मीच उतरवला.