दोन म्हणायच्या आत

भावजींनी ताईचा डावा खांदा मोडला, तेव्हा मी दुकानात एका बॅगेला चेन बसवत होते. फोनवर ताई म्हणाली, “जिन्यावरून पडले गं.” ती तळमजल्यावर राहते. त्या घराला जिना नाही.

मी पाठीवरच्या बॅगा शिवते. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन शिलाई मशिनं, खुंट्यांना लटकलेले पट्टे आणि बकलांनी भरलेले बिस्किटांचे डबे. भावजी त्याला ‘तुझं ते पिशव्यांचं दुकान’ म्हणतात. मी मात्र त्यांना अजून अहो-जाहोच करते. एवढं होऊनही जीभ वळत नाही, काय करणार.

हाड जुळलं, पण डावा हात काही कानाच्या वर जाईना. चार महिन्यांनी ताई दुकानात आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “मला एक बॅग शिवून दे. तीन दिवस पाठीवर घेता येईल अशी.”

ताई नर्स आहे. लग्नानंतर भावजींनी नोकरी सोडायला लावली. आता दूरच्या शहरातल्या एका हॉस्पिटलने तिला घेतलं होतं, पण घरातून सरळ निघायची सोय नव्हती. भावजी तिची पर्ससुद्धा उलटी करून बघायचे. म्हणून तिने समुद्रकाठच्या पायी सहलीत आम्हा दोघींची नावं घातली. तीन दिवस, दोन मुक्काम, आपलं ओझं आपण वाहायचं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘नवशिक्यांसाठी खास.’ वाट संपते तिथे बसस्टँड होता. तिथून एक बस घराकडे यायची आणि एक त्या शहराकडे जायची.

“नवशिकीच आहे मी,” ताई म्हणाली. “पळून जायची पहिलीच वेळ.”

मी ती बॅग जीव ओतून शिवली. पाठीला टेकणाऱ्या फोमच्या मागे चोरकप्पा केला. त्यात तिचं सर्टिफिकेट, नोंदणीचा कागद आणि नेमणुकीचं पत्र प्लास्टिकमध्ये घालून वरून शिवून टाकलं. सगळा भार कमरेवर यावा म्हणून कमरेचा पट्टा जाड, मऊ केला. डाव्या पट्ट्याला एक लाल फीत लावली. ती उजव्या हाताने ओढली की खांद्याचा आणि कमरेचा पट्टा एकदम सुटायचा, दुखऱ्या हाताला काही करावंच लागायचं नाही. बॅग तयार झाली तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले.

निघायच्या आदल्या दिवशी भावजी म्हणाले, “दोघी बायकाच कशाला जाताय? मीही येतो.” आणि आले. ताईने तरी बेत बदलला नाही, स्टँडच्या गर्दीत निसटेन म्हणाली.

आम्हाला नेणारी वाटाडी साठीची होती, उन्हाने करपलेली, काटक. सगळे तिला बाई म्हणत. पाचवे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांनी छत्री आणली होती. ती पहिल्या तासातच वाऱ्याने मोडून टाकली. समुद्र कातळावर अशा धडका मारत होता की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. पायाखालची वाट थरथरायची. एका वळणावर बाईंनी खाली बोट दाखवलं. लाट एका ओंडक्याला खडकावर आपटत होती, मागे ओढत होती, पुन्हा आपटत होती. “पाण्याची गंमत करायची नाही,” बाई म्हणाल्या. “त्याला दया नसते.”

मग त्यांनी आमच्याकडून वाळूवर सराव करून घेतला. तिसऱ्या दिवशी नदीचं मुख ओलांडायचं होतं. पाण्यात उतरताना कमरेचं बकल उघडं ठेवायचं, हा नियम. पडलात तर बॅग तरंगते, आणि पट्टा बांधलेला असला तर माणसाला पालथं दाबून धरते. म्हणून बाई एक-दोन मोजायच्या आणि दोन म्हणायच्या आत बकलं सोडून बॅग पाठीवरून पडली पाहिजे.

ताईने फीत ओढली आणि ‘एक’लाच बॅग वाळूत. भावजींना चार लागले.

“या ताईंकडून शिका,” बाई त्यांना म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांच्या तंबूतून भांडं आपटल्यासारखा आवाज आला. पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. मी तंबूची चेन उघडली तर ताईची भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं होतं आणि भावजी स्टीलचा मग रुमालाने पुसत होते.

“तोल गेला तिचा,” ते म्हणाले.

माझ्या खिशात कायम दाभण असतो. तो त्यांच्या मानेत कुठे घुसेल ते मी नीट बघून घेतलं. खोटं कशाला बोलू. ताईने माझं मनगट धरलं आणि पुटपुटली, “आता नको. दोनच दिवस राहिलेत.” मी तिची जखम बांधली आणि बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी घात झाला. भावजींची बॅग महागडी होती, पण त्यांनी तिचे पट्टे एकदाही मापात आणले नव्हते. खांदे सोलून निघाले होते. त्यांनी ताईची बॅग उचलली, पाठीला लावली, कमरेचा पट्टा आवळला आणि पहिल्यांदाच माझ्या कामाचं कौतुक केलं.

“ही झकास बसते की. आज मी ही घेतो. तू माझी घे.”

“ती तिच्या खांद्याच्या मापाने शिवलीय,” मी म्हणाले.

“पट्टे लांब होतात ना? मग झालं.”

पट्टे लांब होत होते. मीच ठेवले होते, थंडीत स्वेटरवरून घालता यावी म्हणून. ताईने बॅगेला हात घातला तर त्यांनी तिचा डावा हात पाठीमागे पिरगळला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती पांढरी पडली. तिची सगळी कागदपत्रं त्यांच्या पाठीवर बसली. मला माझ्याच हातांचा राग आला. जरा वाईट शिवली असती, कुठे टोचणारी शिवण ठेवली असती, तर त्यांनी ती फेकून दिली असती.

बाईंनी पुन्हा सराव घेतला. भावजींच्या बॅगेतून ताईचा खांदा निघेपर्यंत आकडा सातवर गेला. भावजी हसले. मग दाढी करत बसले. बाई भरती-भरती म्हणून कानीकपाळी ओरडत होत्या, तरी गालाला फेस लावून निवांत.

आम्ही नदीच्या मुखाशी पोचलो तेव्हा एरवी गुडघाभर असणारं पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. बाईंनी पलीकडे जाऊन दोर बांधला. पोस्टमास्तर गेले, मी गेले. मग भावजी उतरले, त्यांच्या मागे ताई.

“कमरेचं बकल!” बाई ओरडल्या.

भावजींनी माशी वारावी तसा हात हलवला. त्याच हाताने दोर धरलेला होता. समुद्राकडून लाट आली आणि त्यांच्या छातीवर आदळली. ते आडवे झाले, बॅग वर आली, तोंड खाली गेलं. दोन्ही हात पाण्यात बडवत होते. पाय वाळू उकरत होते. मधेच बकलाशी बोटं झटत होती, लाल फीत त्यांना सुचलीच नाही, आणि वाळू अडकली की बकल उघडत नाही, हे मी शंभर गिऱ्हाइकांना सांगितलंय.

मी ओरडले. काय ओरडले ते सांगायला लाज वाटते. “ताई, बॅग धर!” मी म्हणाले. माणूस नव्हे, बॅग.

ताईने ती धरली. एका हातात दोर, एका हातात बॅगेचा वरचा बंद, आणि खाली भावजी. तिने काहीच करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. पाय उकरायचे थांबत आले होते. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, थांब, अजून थोडं थांब.

तिने बंद सोडला आणि लाल फीत ओढली.

पट्टे सुटले. दुसऱ्या लाटेने बॅग उचलली आणि खडकांकडे नेली. तिथे ती दोनदा आपटून फाटलेली मी बघितली. ताईने भावजींची कॉलर पकडली होती. बाई आणि मी पाण्यात धावलो आणि त्या दोघांना ओढून काठावर आणलं.

भावजी पालथे पडून पाणी ओकले. मग उठले. आम्ही चौघांनी त्यांना बुडताना बघितलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. “तू ढकललंस मला,” ते म्हणाले, आणि त्यांनी ताईच्या मोडलेल्या खांद्यावर मूठ हाणली.

ती गुडघ्यांवर कोसळली. उठली तेव्हा तिच्या हातात काठावर पडलेली बाईंची चालायची काठी होती. पहिला तडाखा त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी समुद्राच्या गर्जनेतही ऐकला. दुसरा बरगडीवर, तिसरा जबड्यावर. रक्ताबरोबर एक दात वाळूत पडला. ती दोन्ही हातांनी काठी डोक्यावर नेऊन मारत होती. डावा हात कानाच्या वर गेला होता. मला आनंद झाला, भीतीही वाटली, पण आनंद जास्त. बाई एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. पोस्टमास्तरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

काठी मोडली तेव्हा ती थांबली.

“कागद गेले गं,” मी म्हणाले. मला रडू आवरेना. “सोडायचं होतंस त्याला.”

“कागद दुसरे काढता येतात,” ताई धापा टाकत म्हणाली. “तो मेला असता तर जन्मभर त्याची विधवा म्हणून राहिले असते मी.”

भावजी मोडलेला हात पोटाशी धरून तोंडातल्या तोंडात शिव्या देत होते. त्यांची बॅग अजून तिच्या पाठीवर होती. तिचे हात पट्ट्यांकडे गेले आणि बाईंच्या तोंडून सवयीने “एक” निघालं. त्यांना दोन म्हणावं लागलं नाही. बॅग धप्पकन भावजींच्या पायाशी पडली.

“तुझं तू उचल,” ताई म्हणाली.

स्टँड अजून चार किलोमीटर होता. ती रिकाम्या पाठीने पुढे निघाली आणि मी तिच्या मागून.