हट्ट्याच्या गाडीतली रिकामी जागा

मी हट्ट्याची, म्हणजे हट्टा गावात फिरणारी गाडी बोलतेय. हो हो, तीच पांढरी, जिच्या हॉर्नला रस्त्यातली कुत्रीसुद्धा मुकाट्यानं उठतात! सकाळी मी पोरींना शाळेत पोचवते आणि दुपारी माझ्यातच दवाखाना भरतो. वरच्या फळीवर औषधं आणि त्यांच्या शेजारीच दप्तरं.

जन्म कारखान्यातला, पण नांदायला आले ती वसमतला, विश्वंभरशेठ आणि देवश्रीबाईंकडे. हळदीच्या व्यापारात दोघांना भरभरून मिळालं. आसपासच्या पोरी शाळेसाठी उन्हातान्हात पायपीट करतात, हे बाईंच्या जिवाला लागायचं. म्हणून मला घेतलं, डॉक्टरही नेमला.

शेठ म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण एक खोड. कुणाचा घोटभर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. “आमी द्यायला आलोत, घ्यायला न्हाई,” असं म्हणून हात जोडायचे. लोक वाहवा करायचे आणि मीही फुशारून जायची.

हट्ट्यातल्या भीमनगरच्या कोपऱ्यावर सपना चढायची. आठवीतलं बडबडं लेकरू, खिडकीपाशीच बसणार. तिची आजी पद्माबाई रोजानं शेतात जायची. तिचा दुखरा गुडघा माझ्याच दवाखान्यात बरा झाला. त्या आनंदात एक दिवस तिनं गरम धपाटे केले, स्वच्छ फडक्यात बांधले आणि माझ्यासोबत आलेल्या शेठपुढं धरले.

शेठनं नेहमीसारखे हात जोडले. “नको, नको, पद्माबाई.”

दुसऱ्या दिवशी सपना आली नाही. नंतरही नाही. हॉर्न वाजवून माझा घसा बसला. कोपऱ्यावर एसटी थांबत नाही, शाळा लांब. म्हणजे पोरीचं शिक्षण संपल्यातच जमा! खिडकीजवळची ती जागा बघून मला फार वाईट वाटायचं.

शेवटी देवश्रीबाई सपनाच्या घरी गेल्या. पद्माबाई दारातच उभी राहिली.

“बाई, माझ्या मायच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. आमच्या हातचं तुमाला चालत न्हाई, मग तुमची गाडी आमाला काहून पाहिजे?”

“अहो, ते तर कुणाचंच घेत नाहीत!”

“आमाला ते कसं कळावं?”

बाई माघारी फिरल्या. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. इतकी वर्षं ज्याला आपण मोठेपणा समजलो, तो एखाद्याला असा लागू शकतो, हे शेठच्या कधी मनातही आलं नव्हतं. माझ्या तरी कुठं आलं होतं?

सकाळी शेठ माझ्यातूनच आले. पद्माबाईच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

“पद्माबाई, चुकलो. भूक लागली. काही असलं तर वाढा.”

तिनं अंगणात बाज ओढली. “बसा. पीठ मळावं लागंल. सपना, पाणी दे त्यान्ला.”

सपनानं पेला पुढं केला. शेठनं तो ओठाला लावून रिकामा केला आणि परत तिच्यापुढं धरला. “अजून दे, बाळा.”

त्या दिवशी सगळ्या पोरींना शाळेला उशीर झाला. ड्रायव्हर फुलसिंग कुरकुरत होता. मी मात्र सपना दप्तर घेऊन पायरी चढेपर्यंत जागची हलले नाही.

आता ती कॉलेजात जाते आणि माझी हाडं खिळखिळी झालीत. लवकरच माझ्या जागी नवी गाडी येणार. तिला एवढंच सांगायचंय. बये, भीमनगरच्या कोपऱ्यावर घाई करू नकोस. तिथं कुणीतरी फडक्यात काहीबाही बांधून लगबगीनं येत असतं.