पालथ्या होडीवरचा शब्द

"दोनदा बसायचं आणि उठायचं! ऐकलंत का गं सगळ्यांनी? दोनदा बसायचं, मग दुसरीला जागा द्यायची!"

पंचवीस वर्षं उलटली, पण सीगाच्या कानात तो आवाज अजून तसाच होता, खारट आणि खणखणीत. सेनेगलच्या किनाऱ्यावर, जोआल गावच्या वाळूवर एक होडी पालथी घातलेली, तिच्यावर पेंडा उभी. ओढणीचा पदर वाऱ्यानं शिडासारखा फुगलेला. त्या आधी मासे सुकवणाऱ्या बायांच्या संघावर दलालांच्या मुठीतला एक होडीमालक अध्यक्ष होता. एकदा खुर्चीत बसला तो फक्त जेवायला उठायचा. बायांनी त्याला खाली उतरवला आणि पेंडाला वर चढवली. वर चढताच तिनं पहिला नियम सांगितला तो हा.

त्याच दिवशी सीगानं गाणं रचलं होतं.

*उभी राहिली गं पेंडा, पालथ्या होडीवरी*
*तिच्या एका शब्दापायी, दलाल गेले घरी*

पुढे दर पाच वर्षांनी निवडीची बैठक भरायची. सीगा हे गाणं उचलायची, बाया टाळ्या धरायच्या, आणि टाळ्या थांबेतो पेंडा पुन्हा अध्यक्ष झालेली असायची. हात वर करायची वेळच कधी आली नाही. नियम होता, पण गाणं त्याच्यापेक्षा जुनं वाटायला लागलं होतं. पाच पाळ्या झाल्या. येत्या गुरुवारी सहावी.

दुपारी मासे सुकवायच्या भट्ट्या निवल्या की बाया मांडवाखाली चहाला बसत; एकाच पत्तीचे तीन पेले, दर पेल्याला साखर जास्त. धुरानं सगळ्यांचेच डोळे लाल. रेडिओवर एकच विषय चालला होता : देशाचे अध्यक्ष तिसऱ्यांदा उभे राहणार की नाही.

"उठावं की माणसानं!" पेंडा रेडिओवर खेकसली. "दोनदा बसलास, पोट भरलं नाही? आमच्या पोरांनी किती काळ रस्त्यावर ओरडायचं?"

बायांनी माना खाली घातल्या. कुणी तारलीचे खवले नखातून काढू लागली, कुणी उगाच मीठ चाळू लागली. बोलू शकणारी एकटी सीगा होती. ती शेतकरी सेरेर, पेंडा गुराखी पुलार. या दोन जमातींत आज्या-पणज्यांपासून थट्टेचं नातं. एकीनं दुसरीला गुलाम, भातखाऊ, काहीही म्हणावं, दुसरीनं राग धरायचा नाही.

"आणि तू गं, गाईच्या शेपटाला धरून समुद्रावर आलेली?" सीगा म्हणाली. "तू कधी उठणार?"

"चहाचा तिसरा पेला कुणी सोडतं का, गुलाम माझी? तोच तर गोड!"

"गोड खरा. पण त्यात पत्ती उरलेली नसते."

मांडव हसून हसून वाकला. पेंडा सगळ्यांत मोठ्यानं हसली, सीगाच्या मांडीवर थाप मारून. सीगाही हसली, पण पेला ओठांना लावून तिनं आपलं तोंड झाकलं. ती खरं बोलली होती. याआधीही कितीदा बोलली होती. पण थट्टेत इतक्यांदा सांगून झालेलं खरं आता पेंडाला ऐकूच जात नव्हतं.

संध्याकाळी संघातली अवा सीगाच्या अंगणात आली. चाळिशीची, दोन पोरांची, हातांना भट्टीचे डाग. सीगा तांदूळ निवडत होती.

"सीगामावशी, गुरुवारी माझी भट्टी काढून घेणार म्हणे."

"कोण म्हणतं?"

"पेंडामायच म्हणाल्या. तांबाकुंडा गावच्या व्यापाऱ्यानं पोती परत पाठवली ना, ती माझ्याच भट्टीची. म्हणे मी ओला मासा भरला. मावशी, मी विचारल्याशिवाय पोतं शिवते का? त्यांनीच मासा मोडून बघितला, 'भरा' म्हणाल्या, तेव्हा भरला."

"त्यांना सांगितलंस?"

"मोठ्या बाईला तोंडावर खोटं पाडू? माझ्या आईनं मला तसं वाढवलं नाही." अवानं डोळे पुसले. "भट्टी गेली तर मी धाकटीला घेऊन डाकारला जाईन. कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करीन. दुसरं काय?"

ती गेल्यावर सीगानं सूप बाजूला ठेवलं. पोती भरली त्या दिवशी ती पेंडाच्या शेजारीच होती. पेंडानं मासा मोडला होता, काट्याजवळ लालसर ओल सीगाला स्वच्छ दिसली होती. पेंडानं मासा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाली, "भरा." चारचौघींत तिला कसं अडवायचं, म्हणून सीगा गप्प बसली. कोपराला धरून चालणारी पेंडा, मिठाच्या ढिगावर अडखळणारी पेंडा, पोरींना आवाजावरून ओळखणारी पेंडा. सगळ्यांना वाटायचं, वयाचा लाड चाललाय. सीगाला ठाऊक होतं.

गुरुवारी दोघी बैठकीला निघाल्या. ऊन कलतं झालं होतं. नेहमीसारखा पेंडाचा हात सीगाच्या कोपरावर.

"आज गाणं जरा लांबव गं," पेंडा म्हणाली. "नव्या पोरींना ती दलालांची गोष्ट ठाऊक नाही. दोन कडवी जास्त घाल."

"आज मी गाणार नाही."

"का? भाताचं शीत अडकलं घशात? ताटचाटी कुठली!"

उत्तर सीगाच्या जिभेवर तयार होतं. चाळीस वर्षांत तिनं एकही शिवी उधार ठेवली नव्हती. 'दूधपिती, आधी ओठावरची साय पूस,' एवढं म्हटलं असतं की दोघी हसल्या असत्या, वाट सरली असती, आणि अवा डाकारच्या गाडीत बसली असती.

सीगानं ते उत्तर गिळलं.

शिंपल्यांची वाट पायाखाली करकरत राहिली.

"बोल की, गुलाम माझी!" पेंडा हसत म्हणाली. मग हसू जरा उतरलं. "ए भातखाऊ, तुला विचारतेय."

सीगा चालत राहिली. पेंडाची बोटं तिच्या कोपरावर हळूहळू घट्ट झाली.

"सीगा?"

किती वर्षांनी तिनं नुसतं नाव घेतलं होतं.

"अवा माझ्याकडे आली होती," सीगा म्हणाली. "आणि त्या दिवशी मासा मोडलास तेव्हा मी तुझ्या शेजारी होते, पेंडा."

पेंडा थांबली. तिनं कोपर सोडलं. एकटीनं दोन पावलं टाकली, तिसऱ्या पावलाला वाटेतल्या दोरखंडात तिचा पाय अडकला. सीगा धावली नाही, फक्त हात पुढे करून उभी राहिली. पेंडानं हवेत चाचपडत तो हात शोधला. उरलेली वाट दोघी हात धरून चालल्या.

मांडव भरला होता. नव्या कपड्यांचे रंग, तान्ह्यांची रडारड, कडेला बकऱ्या. अवा सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून, आपली टोपली मांडीवर घेऊन बसली होती. जणू उठून जायची तयारी. पेंडा खुर्चीत बसली. बायांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि सीगाकडे बघितलं.

सीगानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले, मग एकेक करून खाली आले. कुणीतरी दबक्या आवाजात सुरुवात केली, "उभी राहिली गं पेंडा..." पण मागे सूर लागला नाही, ती ओशाळून थांबली. समुद्राची गाज एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

पेंडा खुर्चीवरून उठली. खुर्चीच्या पाठीवर तिनं हात ठेवला, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"रेडिओतल्या त्या माणसाला मी रोज शिव्या घालते," ती म्हणाली, "आणि तुम्ही सगळ्या गप्प असायचात. मला वाटायचं, चहा पिताय."

एक म्हातारी खुदकन हसली आणि तिनंच तोंडावर हात ठेवला.

"दोनदा बसायचं आणि उठायचं, असं मी होडीवर चढून ओरडले होते. ते ऐकलेल्या इथं अजून पाच-सहा जणी असाल. एकीनंही मला आठवण करून दिली नाही. या सेरेर बाईनं दिली, पण ही मेली हसवून सांगते. आज पहिल्यांदा न हसवता आली माझ्याबरोबर." तिनं श्वास घेतला. "आज गाणं नाही. जी हवी तिचं नाव घ्या, हात वर करा. अवा, मागे का बसलीस? पुढे ये."

अवा टोपली खाली ठेवून गोंधळून उभी राहिली. बायांत कुजबुज उठली, एक नाव, दुसरं नाव, पुन्हा पहिलं नाव. कुठूनसा हसण्याचा आवाजही आला. हात वर करायचे म्हणजे उजवा की डावा, असं कुणीतरी विचारलं.

"पण मोजायचे कुणी?" पुढच्या रांगेतली एक पोर म्हणाली. "तुम्हीच मोजा ना, पेंडामाय. तुम्ही मोजलेत म्हणजे भांडण नको."

पेंडानं समोर बघितलं. समोर सगळीकडे रंग होते, आणि त्या रंगांतून वर आलेलं काहीतरी हलत होतं. सीगा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. या वेळी पेंडानं तिचं कोपर धरलं नाही.

"सीगा मोजेल," ती म्हणाली. "मला दिसत नाहीत गं ते हात. दोन रमजान झाले नजर जाऊन. त्या दिवशी तो मासाही दिसला नव्हता, चाचपून 'भरा' म्हणाले ती मी. अवाचा काही दोष नाही."