साडेअकराला मरणारा फोन

माझा फोन रोज सकाळी साडेअकराला मरायचा. अकरा एकोणतीसला नाही, अकरा बत्तीसला नाही. सातला शंभर टक्के भरलेला, सासुरवाडीला जेवलेल्या जावयासारखा टुम्म, नऊला निम्मा, साडेअकराला डोळे पांढरे. एवढा वक्तशीर माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो दिवसभर काहीच करत नसे, म्हणून त्याला ते जमायचं.

मी लिफ्टचा मिस्त्री. वय त्र्याहत्तर, पण ते जमिनीवर. मशीनरूममध्ये चढलो की पंचेचाळीस. सर्कशीचं अस्वल मी सातव्या मजल्यावर नेलंय. उतरताना त्यानं जाळीचं दार स्वतः ओढून घेतलं, जे माणसं घेत नाहीत. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या एका न्यायाधीशाला छताच्या झरोक्यातून दोरीनं चहा सोडलाय, आणि चहा बरा होता म्हणून त्यानं तिथल्या तिथे एका चोराला सोडून दिलं. खोटं वाटत असेल तर अस्वलाला विचारा.

आता माझ्याकडे एकच लिफ्ट उरली आहे. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून जी सात मजल्यांची इमारत आहे, तिच्यातली. वय सत्तावन्न. लोखंडी जाळीची दोन दारं, पितळेची बटणं, आणि वर मशीनरूममध्ये मोटरीच्या टोकाला हातानं फिरवायचं एक मोठं चाक. मी तिला म्हातारी म्हणतो. ती रुसली की कुठे खाजवायचं हे जगात फक्त मला ठाऊक. म्हणून करार असा, की ती अडकली की मला फोन करायचा आणि मी दहा मिनिटांत हजर व्हायचं.

आणि फोन साडेअकराला मेलेला.

पहिल्यांदा अडकले ते तिसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचे एक पेशंट. अर्धा जबडा बधिर. ‘वाचवा, वाचवा’ म्हणत होते, बाहेर येत होतं ‘वा वा, वा वा’. दुसऱ्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, कुणी दाद देतंय. त्यांनी तेच गाणं पुन्हा घेतलं. चाळीस मिनिटं! दुसऱ्यांदा सहाव्या मजल्यावरच्या आजी. त्यांची काही तक्रार नव्हती, लिफ्टमध्ये बसून त्यांचे दोन किलो मटार सोलून झाले होते. पण सोसायटीच्या सेक्रेटरींची होती. हे गृहस्थ शिंकले तरी त्याची लेखी सूचना लावतात. त्यांनी मला पत्र धाडलं: ‘यापुढे एकदा जरी आपला फोन लागला नाही, तर सदर लिफ्ट काढून टाकून कंपनीची नवी बसविण्यात येईल.’

म्हणजे तिसरी हाक चुकली की म्हातारी भंगारात. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावन्न वर्षं तिनं या लोकांना, त्यांच्या कपाटांना आणि त्यांच्या गाद्यांना उचललं, आणि तिचा जीव आता कशावर टांगला, तर माझ्या खिशातल्या या काळ्या फरशीवर!

घरी सल्ल्यांचा पाऊस पडला. आमच्या घरात काम सांगितलं तर सगळे बहिरे, सल्ला मागितला तर सगळे डॉक्टर.

“बाबा, स्क्रीनचा उजेड कमी करा,” मुलगा म्हणाला. केला. इतका केला, की पडद्यावर काय आहे ते बघायला टॉर्च लागायचा, आणि टॉर्च त्याच फोनमध्ये.

“बाबा, मागे उघडी राहिलेली ॲप बंद करत जा. आणि तो घूं घूं कंप बंद करा,” परगावाहून लेक म्हणाली. केलं. मग फोन जिवंत असला तरी मला कळेना, की तो वाजतोय का निजलाय.

“अहो, चार्जर घेऊन फिरा ना,” ही म्हणाली. “चष्मा घेऊन फिरता, कवळी घेऊन फिरता, त्यात एक वायर काय जड आहे?”

“आणि खोचू कुठे? खिशात भोक आहे, सॉकेट नाही!”

पूर्वी बरं होतं. फोनच्या पाठीला झाकण असायचं. नखानं उचकटायचं, बॅटरी काढायची, पँटला घासायची, फुंकर मारून परत बसवायची. अर्धे रोग तिथेच बरे. आता झाकणच नाही! झाकण नसलेलं यंत्र मी यंत्र मानत नाही. त्याला तिजोरी म्हणतात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्यालाच उघडता येऊ नये, आणि तरी लोक हसत हसत घेतात!

साध्या उपायांनी मोटर सुधारली नाही की मिस्त्री काय करतो? हात लावून बघतो. लिफ्ट उभी आहे, आत कुणी नाही, बटण दाबलेलं नाही आणि मोटर तरी गरम, तर समजायचं की कुठेतरी ब्रेक घासतोय. रिकामं यंत्र उगीच तापत नाही. मी फोन टेबलावर ठेवला. तासभर कुणाला हात लावू दिला नाही. नात चित्रं बघायला मागत होती, तिला बिस्किट देऊन वाटेला लावलं. तासानं फोनच्या पाठीवर तळहात ठेवला.

गरम! नुकत्याच उबवलेल्या अंड्यासारखा.

“कोणीतरी ब्रेक धरून बसलंय,” मी म्हणालो.

“कोण बसणार फोनमध्ये?” ही म्हणाली, आणि का कोण जाणे, लगेच उठून पाणी प्यायला गेली.

मी तडक कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. त्यानं बोट दोनदा फिरवलं, बॅटरी कोण किती खातं त्याची यादी उघडली आणि भिंग काढून माझ्याकडे पाहिलं.

“काका, तुम्ही काही गुन्हा-बिन्हा केलाय का?”

“का रे?”

“तीन जण तुमच्या पाळतीवर आहेत. ही तीन ॲप. तिन्ही एकच काम करतात. तुम्ही कुठे आहात ते दर मिनिटाला आकाशातल्या उपग्रहाला विचारतात आणि नकाशावर एक ठिपका हलवतात. तुम्ही झोपलात तरी विचारतात.”

“एकाला पुरलं नसतं?”

“एकाला पुरतं. पण यांना एकमेकांचा पत्ता नाही. प्रत्येकानं आपापलं गुपचूप टाकलंय.” त्यानं नंबर वाचून दाखवले. पहिला मुलाचा. दुसरा लेकीचा. तिसरा नंबर त्यानं अर्धा वाचला आणि मी हात वर केला. तो नंबर मला बेचाळीस वर्षांचा संसार विसरलो तरी विसरता यायचा नाही.

ज्यांनी ज्यांनी मला बॅटरी वाचवायचे उपाय सांगितले, तेच तिघं माझी बॅटरी खात होते! चोरानं येऊन कडी कशी लावायची ते शिकवावं, तसं.

रविवार होता, सगळे घरी. लेकीला मुलाच्या फोनवर समोर बसवलं आणि मी कोर्ट भरवलं.

“बाबा, तुम्ही रस्त्यात पडलात तर कळायला नको?” मुलगा म्हणाला. “मी आपला काळजीपोटी... पण ताई, तू का टाकलंस?”

“मला तुझा भरवसा नाही म्हणून. ते या वयात शिडी चढून मशीनरूममध्ये जातात. तू अडवतोस का?”

“मी कशाला चढतोय?” मी म्हणालो. “गेली दोन वर्षं मी खालूनच बघतो.” हे वाक्य लक्षात ठेवा, ते मला पुढे महागात पडणार आहे.

मग मी हिच्याकडे वळलो. “आणि तू? तुला तर अजून फोनवर फोटो उलटा दिसतो!”

“मला नातीनं शिकवलं,” ही म्हणाली. तोंडावर लाजेचा मागमूस नाही. “परवा दहा वाजून दहा मिनिटांपासून साडेदहापर्यंत ठिपका बेकरीत होता. काल पुन्हा. साखर दोनशेच्या वर गेलीय, आणि घरी येऊन सांगता, रांगेत उभा होतो. कसली रांग, अहो? बटर बिस्किटांची?”

“विषय बॅटरीचा चाललाय!”

“मग बिस्किटं खाताना बॅटरी उतरत नाही वाटतं?”

मी टेबलावर मूठ आपटली. मी म्हणालो, की तुरुंगातल्या कैद्यावर एक पहारेकरी असतो, माझ्यावर तीन. आणि कैद्याला निदान त्यांच्या जेवणाचं सामान स्वतःच्या खिशातून वाहावं लागत नाही. मी म्हणालो, की उद्या म्हातारी भंगारात गेली तर तिचं पाप तुम्हा तिघांच्या डोक्यावर. तेव्हा कुठे त्यांची तोंडं उतरली. मुलानं माझ्यासमोर तिन्ही ॲप काढून टाकली.

सोमवारी साडेअकराला फोनवर ब्याऐंशी टक्के होते. मी तो आकडा मोबाइलवाल्याला दाखवला, पोस्टमनला दाखवला, ओळख नसलेल्या एका बाईंनाही दाखवला. दुपारी एकला इमारतीत गेलो, शिडी चढलो आणि मशीनरूममध्ये म्हातारीच्या बेअरिंगला ग्रीस भरायला बसलो. आता येऊ दे फोन!

आणि फोन आला. मुलाचा. “बाबा, कुठे आहात?”

“जिवंत आहे.” ठेवला. परत वाजला. ही. “अहो, कुठे आहात?” ठेवला. परत वाजला. लेक. तोवर मुलाचा पुन्हा. ठिपका दिसेना, तशी तिघांनी रांग लावली होती. एकाला उत्तर देतोय तोवर दुसरा हजर. पाऊण तास माझ्या कानाची सुटका नाही. एका हातात ग्रीस, दुसऱ्या हातात फोन, आणि बॅटरी घसरगुंडीवर.

“खरं सांगा बाबा,” लेक म्हणत होती, “तुम्ही वर चढलेले नाही ना?”

“छे गं. खाली बाकावर बसलोय. समोर कबुतरं आहेत.”

तेवढ्यात लिफ्टच्या विहिरीतून, माझ्या पायाखालून, आवाज घुमला: “मिस्त्री! अहो मिस्त्री! मशीनरूममध्ये कुणी आहे का?”

“बाबा,” लेक थंड आवाजात म्हणाली, “कबुतरं बोलतात वाटतं?”

फोन फेकला आणि खाली वाकून पाहिलं. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये म्हातारी उभी, आणि तिच्या पोटात खुद्द सेक्रेटरी. मेन स्विच पाडला, ब्रेकचा दांडा पायानं दाबला, दोन्ही हातांनी चाक फिरवलं. बोटा-बोटानं म्हातारी पाचव्यापर्यंत आली. हाक ऐकल्यापासून चार मिनिटं.

मी उतरून पाचव्यावर आलो तेव्हा सेक्रेटरी घामानं निथळत होते. काखेत नव्या लिफ्टचं जाडजूड कॅटलॉग, आणि त्याचा एक कोपरा चावल्यासारखा चुरगळलेला. मी लगेच ओळखलं. चालत्या लिफ्टमध्ये कॅटलॉगचा कोपरा जाळीत अडकला, दार इंचभर सरकलं, म्हातारी थांबली. मी तिला शिकवलेलं नव्हतं, शपथेवर सांगतो.

“अकरा वेळा फोन केला तुम्हाला!” ते कडाडले. “अकराही वेळा बिझी! पत्रात काय लिहिलंय? फोन लागला नाही तर लिफ्ट जाणार. संपलं.”

आता माझाही पारा चढला होता. दिवसभराचा, तिघांचा, आणि सत्तावन्न वर्षांचा मिळून.

“मेलेल्या फोनला बिझी येत नाही साहेब! आणि फोन लागला नाही तरी माणूस लागला की नाही? बोला, चार मिनिटांत बाहेर आहात. त्या कंपनीला का नाही फोन केलात? कॅटलॉगच्या पाठीवर चोवीस तासांचा नंबर छापलाय तो!”

सेक्रेटरी खाली बघू लागले. मग कळलं. केला होता. नवे ग्राहक असाल तर एक दाबा, अडकला असाल तर दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग सनई. पंचवीस मिनिटं सनई ऐकता ऐकता त्यांचा कोरा करकरीत, दोन महिन्यांचा फोन मेला. तेव्हा कुठे त्यांना आठवलं, की देवानं गळाही दिलाय.

“काय म्हणत होते मोबाइलवाले तुम्हाला विकताना?” मी विचारलं. “दोन दिवस चालते बॅटरी?”

“तीन,” सेक्रेटरी बारीक आवाजात म्हणाले. खिशातून तो फोन काढला, खोटं नाणं बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं आणि कॅटलॉगची जागा बदलून ते दुसऱ्या काखेत घेतलं. “मिस्त्री, पूर्वी लिफ्टमध्ये एक घंटा असायची ना? तारेची?”

“अजून आहे. बटण तुमच्याच मागे आहे. तुम्हीच लेखी सूचना लावून बंद करायला लावलीत. आवाज होतो म्हणून.”

दुसऱ्याच दिवशी नवी तार ओढली. म्हातारीतलं बटण दाबलं की फाटकावरच्या वॉचमनच्या खोलीत घंटा वाजते, आणि वॉचमन धावत येऊन मला बोलावतो. सेक्रेटरींनी त्याची सूचना लावली, जुनं पत्र रद्द केलं आणि कॅटलॉग पाचव्या मजल्यावरच्या डगमगणाऱ्या बाकाच्या पायाखाली गेलं.

आणि फोन मी हिच्या हातात दिला. “घे. टाका तुमची तीन ॲप, तीस टाका. स्वयंपाकघरात चार्जरला लावून ठेव. ठिपका हवा ना? बघा.”

आता फोन सदैव शंभर टक्के. मुलगा ऑफिसात बघतो, लेक परगावी बघते, ठिपका घरात. “बाबा हल्ली किती शहाण्यासारखे घरी बसतात,” असं एकमेकांना सांगतात. बॅटरी वाढवायचा एवढा नामी उपाय कुठल्या इंजिनिअरला सुचलाय का, सांगा.

तिसऱ्या दिवशी मी खिसे मोकळे, मान ताठ, असा बेकरीत गेलो. चार बटर बिस्किटं खाल्ली. पुरावा नको म्हणून मिशी पुसली. घरी येऊन चप्पल काढतोय तोच ही आतून म्हणाली, “चारच का? पाचवं संपलं होतं का?”

मी उंबऱ्यावरच बसलो. फोन समोर फळीवर, वायरीला बांधलेला, निर्दोष. मग डोळ्यांसमोर उभं राहिलं: इमारतीचं फाटक, फाटकाशेजारी वॉचमनची खोली, खोलीला खिडकी, आणि खिडकीच्या बरोब्बर समोर बेकरी. आणि त्याच सकाळी वॉचमनच्या टेबलावर मी स्वतः पाहिलेला आमच्या घरचा, हिनं त्याच्यासाठी भरून पाठवलेला डबा.

अस्वलसुद्धा दार लावून घेत होतं हो. आणि हा माणूस, ज्याच्या डोक्यावर मी माझ्या हातानं घंटा बसवून दिली, तो माझ्यावरच पाळत ठेवतो! तक्रार करायची तरी कुणाकडे? त्याला ना चार्जर लागतो ना उपग्रह, आणि साडेअकराला तर तो ऐन रंगात असतो.