पट्ट्याचं टेन्शन

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, गाडीचा. गाडीच्या इंजिनात असतो तो दातेरी, काळा टायमिंग बेल्ट. मी आतापर्यंत तुमच्या नजरेस पडलो नसेन, आणि त्यात तुमचा दोष नाही. माझे सारे आयुष्य एका प्लास्टिकच्या झाकणाआड गेले. लोक गाडी घेतात तेव्हा रंग बघतात, भोंगा वाजवून बघतात, सीटवर बसून उड्या मारतात. झाकण काढून पट्टा बघणारा माणूस मला भेटला तो अगदी शेवटी.

माझा जन्म एका कारखान्यातल्या गरम साच्यात झाला. रबर, आत मजबूत धाग्यांचे वेढे, आणि पोटाच्या बाजूने दातांची रांग. जन्मताना आम्ही भावंडे वेगळी नव्हतो. शर्टाच्या बाहीसारखी एक लांब नळी होती. मग सुरी आली, आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तसे आम्हाला एकेक करून वेगळे केले. भाऊ कोणत्या गाड्यांत गेले ते मला आजतागायत कळलेले नाही. मी गेलो तो मोटार ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका बाईंच्या गाडीत.

माझे काम सांगायला सोपे आणि करायला जोखमीचे. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, त्याच्या जोरावर पिस्टन वर-खाली होतात. वर दुसरा दांडा फिरतो, तो झडपा उघडतो आणि मिटतो. या दोघांना एका तालात ठेवायचे काम माझे. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा एक झालाच पाहिजे. ताल एवढासा चुकला, तर उघडी झडप आणि वर येणारा पिस्टन यांची टक्कर होते. झडपा वाकतात आणि इंजिन मोडीत निघते. आमच्या बाईंकडे गाडी एकच होती. इंजिन गेले असते तर क्लासच बंद पडला असता.

शिकाऊ माणसांच्या गाडीत राहणे म्हणजे काय, ते मला विचारा. झटका देऊन निघायचे, झटका देऊन थांबायचे, आणि मध्येच कोणीतरी चौथ्याऐवजी दुसरा गियर टाकायचा. मला दिसत काही नसे, पण ऐकू सगळे येई. बाईंचा एक मंत्र होता. समोर ट्रक आला, शिकणारा ओरडला, की त्या शांतपणे म्हणत, ‘टेन्शन नको.’ घरात दूध उतू गेले तरी त्या तेच म्हणत. हळूहळू साऱ्या घराला ती सवय लागली. नमस्कार म्हणावा तसे त्या घरात ‘टेन्शन नको’ म्हणत.

वर्षे गेली. माझ्या पाठीवर बारीक भेगा पडल्या. वय उलटून गेले तरी मी फिरत होतो, आणि मित्रांनो, मला भीती वाटू लागली होती. आमच्या जातीला कुरकुरता येत नाही. ब्रेक किंचाळतो, टायर फुसफुसतो. मी मात्र तुटायच्या क्षणापर्यंत गुपचूप फिरणार, आणि तुटेन तेव्हा सोबत इंजिन घेऊन जाईन, हे मला ठाऊक होते.

बाईंचे धाकटे दीर गाडी दुरुस्तीचे काम करत. ‘वहिनी, पट्टा पुढच्या महिन्यात बदलू’ असे ते म्हणाले, आणि त्याच महिन्यात त्यांचा पाय मोडला. जन्म गेला गाड्यांखाली सरपटण्यात, आणि पडले ते घरातला दिवा बदलताना स्टुलावरून. प्लास्टर घालून पलंगावर पडल्या पडल्या त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी फोन केला.

“वहिनी, गाडी जागची हलवू नका. पट्टा कधीही जाईल.”

“पण परवा काकूंची परीक्षा आहे.”

काकू म्हणजे शिलाईकाम करणाऱ्या शेजारीण. उतारवयात गाडी शिकायला आल्या होत्या. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या, आणि शिकाऊ परवान्याची मुदत याच आठवड्यात संपत होती. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सरळ पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले. उसन्या गाडीवर परीक्षा द्यायला काकू तयार नव्हत्या. “माझे पाय या गाडीला ओळखतात,” त्या म्हणाल्या. “परक्या गाडीत मला ब्रेक सापडायचा नाही, आणि मग परीक्षा घेणारा सापडायचा नाही.”

बाईंनी थोडा विचार केला. “भावोजी, तुम्ही सांगा, मी करते,” त्या म्हणाल्या.

बाईंनी आजवर गाडीचे चाक बदलले होते, त्यापुढे काही नाही. यजमान तर त्याहून कच्चे. पाना द्या म्हटले की वहीचे पान पुढे करणारे. त्यांना घरातच बसवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काम सुरू झाले. भावोजी फोनवर, फोन इंजिनाच्या कडेला, आणि उजेडाला बॅटरी धरायला काकू.

गाडी उचलली, चाक काढले, झाकणाबाहेरची मोठी चकती काढली. मग माझ्यावरचे झाकण निघाले. मित्रांनो, इतकी वर्षे ऐकलेल्या आवाजांचे चेहरे मी त्या दिवशी पाहिले. बाईंच्या नाकावर ग्रीस लागले होते. काकूंच्या तोंडात सवयीने टाचणी होती, आज शिवायचे काही नसतानाही.

बाई मला काढणार, तोच काकू म्हणाल्या, “थांब. उसवायच्या आधी खुणा कर.” त्यांनी कनवटीचा शिंप्याचा खडू काढून दिला. इंजिनावर कारखान्याच्या खुणा होत्याच, पण इतक्या बारीक की बाईंना धड दिसत नव्हत्या. मी ज्यांवरून फिरतो त्या वरच्या आणि खालच्या दातेरी चकत्यांवर, आणि त्यांच्यासमोर इंजिनावर, त्यांनी पांढऱ्या रेघा मारल्या. मग माझ्या पाठीवर दाबून मला ताणून धरणारी छोटी चकती, म्हणजे टेन्शनर, मागे ढकलून नट आवळला. मी सैल झालो. बाईंनी मला अलगद ओढून बाहेर काढले आणि वाकवून पाहिले. पाठीवरच्या साऱ्या भेगा उघडल्या.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “याच्या जिवावर मी फिरत होते?”

मला मडगार्डवर ठेवले. तिथून सगळे दिसत होते. नवा पट्टा आला. पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा ताठ. वाकायला तयार नाही. बाईंनी त्याला गोडीगुलाबीने एकेका दातावर चढवले, खुणा ताडून पाहिल्या, आणि फोनकडे वाकल्या.

“भावोजी, बसला. खुणा समोरासमोर आहेत. आता टेन्शन?”

“छे छे, टेन्शन कसलं वहिनी, अजिबात नको. आता खालचा दांडा हाताने फिरवा. दोन फेरे, सावकाश.”

अजिबात नको म्हणजे नको. बाईंनी टेन्शनर होता तसाच मागे ढकललेला ठेवला आणि पाना दांड्याला लावला. नवा पट्टा झोळीसारखा लोंबत होता. मी मडगार्डवरून पाहत होतो. ओरडलो असतो, पण तुम्हाला सांगितलेच, ती सोय आम्हाला नाही.

पाना फिरला. पट्ट्याची ढिलाई एका बाजूला गोळा झाली, खालच्या चकतीवरून तो ‘टर्र’ करत दातामागून दात घसरला, आणि थोड्याच वेळात दांडा अडला. जणू आत कोणी पाय रोवून उभे होते.

“लाव जोर,” काकू म्हणाल्या. “गंजलं असेल.”

बाईंच्या हातात जोर कमी नव्हता. पण शिकाऊ लोकांना त्या रोज सांगत की गियर पडत नसेल तर ढकलू नका, का पडत नाही ते बघा. त्यांनी पाना काढून खाली ठेवला. “नाही काकू. आतून कोणीतरी नको म्हणतंय,” त्या म्हणाल्या. “भावोजी, दांडा अडला.”



“वहिनी, टेन्शनर सोडलात ना पट्ट्यावर?”

“कसा सोडणार? तुम्हीच म्हणालात, टेन्शन अजिबात नको.”

“अहो, ते नको. ते द्या.”

“कोणतं नको आणि कोणतं द्या?”

“तुमचं नको, पट्ट्याचं द्या.”

“मग सरळ मराठीत ताण म्हणावं,” काकू म्हणाल्या.

“काकू, ताण घेऊ नका असंही आपण म्हणतोच. तेव्हाही असंच झालं असतं.” मग भावोजींचा आवाज उतरला. “वहिनी, किल्ली नाही ना फिरवली? नुसता हातानेच?”

“हातानेच. अडल्याबरोबर थांबले.”

“मग काही बिघडलेलं नाही. झडप पिस्टनला नुसती टेकली असेल. किल्ली मारली असती तर सगळ्या वाकल्या असत्या.”

ते ऐकून माझ्या भेगांतूनसुद्धा वारा खेळला.

बाईंनी दांडा अलगद उलट फिरवून सोडवला, नवा पट्टा उतरवला, पांढऱ्या रेघा पुन्हा जुळवल्या, पट्टा पुन्हा चढवला. या वेळी टेन्शनरचा नट ढिला करून तो पट्ट्यावर दाबला, त्याचा काटा खाचेसमोर आणला आणि मगच नट आवळला.

“आता लांब बाजूला पट्टा दोन बोटांत धरून पिळा,” भावोजी म्हणाले. “पाव फेरा वळला पाहिजे. जास्त नको, कमीही नको.”

काकूंनीही बोट लावून पाहिले. “इलॅस्टिकसारखं आहे हे. घट्ट झालं तर रुततं, ढिलं झालं तर घसरतं. आहे, बेताचं आहे.”

दोन फेरे हाताने झाले. दांडा कुठेही अडला नाही, आणि पांढऱ्या रेघा एकमेकींसमोर येऊन थांबल्या. बाईंना भरवसा नव्हता, म्हणून आणखी दोन फेरे झाले. रेघा पुन्हा समोरासमोर. मग झाकण बसले, चाक चढले, बाई आत बसल्या आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झाले. मऊ, एकसारखा आवाज. इतकी वर्षे तो ताल मीच धरत होतो, पण बाहेरून तो असा ऐकू येतो हे मला पहिल्यांदा कळले. बाईंनी खिडकीतून फोनकडे तोंड करून श्वास सोडला. तो इतका लांब होता की भावोजींनी विचारले, “हवा कुठून जातेय?”

परीक्षेच्या दिवशी मी अंगणातल्या खोलीत खिळ्यावर लटकत होतो. दुपारी गाडीचा आवाज फाटकाशी आला आणि मी निम्मा निश्चिंत झालो. बाकीचे बाईंनी फोनवर भावोजींना सांगितले ते ऐकले.

“चढावर गाडी बंद पडली हो. इंजिन गप्प. मी कुंपणाला धरून उभी. म्हटलं, संपलं, गेला पट्टा. आणि काकूंनी काच खाली करून सांगितलं, क्लच लवकर सुटला. मग सुरू केली आणि गेल्या सरळ वर. पास झाल्या. भावोजी, कोणाचा क्लच चुकल्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.”

मित्रांनो, मी अजून त्याच खिळ्यावर आहे. नवी शिकाऊ मंडळी येतात तेव्हा बाई मला वाकवून माझ्या भेगा दाखवतात. काही जण तोंड वाकडे करतात. करोत. इंजिनाचे नुकसान न करता बाहेर पडलेला पट्टा आहे मी, मला कसली लाज? तुमच्या घरी, तुमच्या गाडीत, जे न कुरकुरता काम करते आहे, त्याचे वय एकदा विचारा. झाकण उघडून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही हो, तुम्हालाच यावे लागते.