दोन थापा

या, असे जवळ सरका. दाराशी बसलं की गोष्ट निम्मीच पोचते, आणि निम्मी गोष्ट निम्म्या औषधासारखी, गुण देत नाही. थापांची गोष्ट सांगायची आहे. पण देवाशपथ, तिच्यात थाप एकही नाही.

“काका, फाळका सरळच आहे. वाकलीय ती तुमची गाडी,” जीपच्या मागे उकिडवा बसलेला ठोकणकर म्हणाला. पत्रा ठोकायचा म्हणून ठोकणकर. खरं आडनाव बहुधा त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल.

“वाकणार नाही तर काय?” दूधवाले काका म्हणाले. “जन्मभर कॅन वाहिलेत तिनं. तुझ्या पाठीवर ठेवले असते तर तुझी हनुवटी गुडघ्याला टेकली असती.”

फाळका म्हणजे जीपच्या मागचं, खाली पडणारं पत्र्याचं दार. काकांच्या जीपचा मूळ फाळका गंजून बिजागऱ्यांतून सुटला होता, आणि तिथे दोर बांधून त्यांनी बरेच दिवस ढकलले होते. हा दुसरा फाळका त्याच जातीच्या एका मोडीत निघालेल्या जीपचा, ठोकणकरानं भंगारातून हुडकून आणलेला. पण भोकाला भोक जुळेना. म्हातारीचा एक खांदा उतरावा तशी जीप एका अंगाला खचली होती. ठोकणकर गोल कानशीनं भोक वाढवत होता आणि काका त्याच्या डोक्यावर उभे राहून त्याची घाई करत होते.

घाई कशाची, ते घराच्या खिडकीच्या आत होतं. तिथे लोखंडी पलंगावर काकू पडून होत्या. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. राहिला होता डावा हात.

या काकू जीपच्या मागच्या भागात, कॅनांच्या संगतीनं बसायच्या. काका पुढे. दारोदार दूध उतरवलं की काकू फाळक्यावर हात मारायच्या. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. काकांनी आरशात कधी पाहिलंच नाही. लोक चेष्टा करायचे, “नवरा पुढे गाडी मारतो, बायको मागे थापा मारते.” काकू म्हणायच्या, “मारते तर मारते. माझ्या थापेवर संसार चाललाय!” खरंच आहे हो. पुढे बसलेल्याला वाटतं गाडी आपण हाकतो. चल म्हणणारा मागे बसलेला असतो, आणि तो दिसत नाही.

आजारपणात तीच भाषा उपयोगी पडली. पलंगाच्या लोखंडावर एक थाप, नको; दोन थापा, हवं. सूनबाईही ती शिकली. डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी काकांनी उशाशी बसून विचारलं, “बहिणीला बोलावू?” एक थाप. “डोंगराकडची हवा?” एक. काका दमले. “मग काय गाडीत बसायचंय?” दोन थापा. आणि लगेच आणखी दोन.

काकूंना एकदा दुधाच्या रस्त्यानं फिरवून आणायचं, एवढंच काकांच्या हातात उरलं होतं. पण दोराच्या भरवशावर त्यांना मागे निजवणार कसं? चढावर गादीसकट घरंगळल्या असत्या. म्हणून फाळका.

दुपार कलता कलता बिजागऱ्या बसल्या, खिट्ट्या गेल्या, दोन्ही साखळ्या अडकल्या. एका बाजूला बोटभर फट राहिली, ती राहिलीच. ठोकणकर मनाचा मोठा. काकूंना खडखडाट नको, पाठीला पत्रा टोचायला नको, म्हणून त्यानं न सांगता फाळक्याला आतून जाड रबर चिकटवलं.

“बघा, लग्नाच्या गाडीसारखी झाली,” तो म्हणाला. “आता हूं की चूं करणार नाही.”

काकूंना चादरीत उचलून गादीवर ठेवलं. सूनबाईनं उशा लावल्या. फाळका बंद झाला. काका पुढे बसले, इंजिन सुरू केलं आणि नेहमीसारखे वाट बघत राहिले. वाट बघतच राहिले.

“बाबा, आई मारतायत की थापा!” सूनबाई ओरडली.

काका उतरून मागे आले. “मला ऐकू नाही आलं. यायचंय ना तुला?”

काकूंनी फाळक्यावर हात आपटला. उशीवर आपटावा तसा आवाज आला. एकच थाप.

काकांचा चेहरा उतरला. “नको? बरं. नको तर नको. काढ रे ठोकणकर, आत नेऊ तिला.”

काकूंनी पुन्हा एक थाप मारली. मग बोटं वाकवून रबर ओरबाडायला लागल्या. आधी कुणालाच उमगेना. ठोकणकराच्या डोक्यात प्रकाश पडला तसा त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

“अहो, त्या यायला नको म्हणत नाहीत. या माझ्या शहाणपणाला नको म्हणतायत!”

रबर खरवडून काढलं. उघड्या पत्र्यावर काकूंनी दोन थापा मारल्या. ठण ठण! दारातला कुत्रा उठून उभा राहिला, आणि मागे उभ्या असलेल्या काकांचा पाय आपोआप जमिनीवर क्लच दाबायला गेला.

“अगं हो हो! मी अजून पुढे बसलो कुठे?”

सगळे हसले. काकूही अर्ध्या तोंडानं हसल्या. पण एवढ्यानंच त्यांना धाप लागली होती.

“उद्या जाऊ,” काका म्हणाले. “पहाटे, दुधाच्या वेळेला. चालेल?”

दोन थापा.

पहाटे काका चूळ भरून आत आले, पलंगाच्या लोखंडावर स्वतःच बोटं वाजवून म्हणाले, “चला, दुधाची वेळ झाली.” उत्तर आलं नाही.

उजाडल्यावर माणसं जमली. मोठी गाडी मागवू, असं कुणीतरी म्हणालं. काका नको म्हणाले. काकूंना जीपमध्ये, कालच्याच गादीवर ठेवलं. ठोकणकरानं फाळका लावला, साखळ्या अडकवल्या आणि बाजूला होऊन त्या बोटभर फटीवर अंगठा फिरवत राहिला.

काकांनी इंजिन सुरू केलं. गिअर टाकला. जीप हलेना. इंजिन धडधडतंय, माणसं खोळंबलीत, काका समोर बघतायत.

सूनबाई खिडकीशी गेली. “बाबा, निघायचं ना?”

“वाजलं नाही अजून,” काका म्हणाले.

ती मागे आली. ठोकणकराकडे पाहिलं, तर दिवसभर हातोडा चालवणारा तो माणूस मान फिरवून उभा. मग तिनं पदर खोचला, डावा हात उचलला आणि फाळक्यावर एक थाप मारली. दुसरीला हात जरा अडखळला. मग तीही वाजली.

जीप निघाली. दुधाच्या रस्त्यानं, दुधाच्या चालीनं. पहिल्या घराच्या फाटकाशी जरा थांबली आणि पुन्हा चालू लागली. फाळका त्या फटीत खडखड वाजत होता.

झाली गोष्ट. आता एक मागणं आहे, नाही म्हणू नका. रस्त्यानं जाताना कुठल्या गाडीच्या पाठीवर दोन थापा ऐकू आल्या, तर क्षणभर थांबा आणि आमच्या काकूंची आठवण काढा. आणि पुढे बसलेल्या काकांचीही.