पयले आज्याले टोचा

"पयले आज्याले टोचा," डोमा म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात काखेत दडवले.

मोहाडीच्या सरकारी दवाखान्यातल्या टेबलावर बसलेलं हे पोरगं सहा-सात वर्षांचं. डोळे पिवळट, पाय काटकुळे आणि दोन्ही गुडघे टरटरून सुजलेले. रात्रभर हाडं दुखतात म्हणून कळवळलं होतं, तरी सुईशी वाटाघाटी करण्याइतकी हुशारी अजून शिल्लक होती.

"अबे, दुखनं तुले हाय का मले?" आजा श्यामराव वैतागला. पहाटेच बैलगाडी जुंपून त्यानं नातवाला आणलं होतं.

"मंग मी नाही देत."

"श्यामरावजी, द्या ना बोट," डॉक्टर हसून म्हणाले. "नातवाचा हुकूम हाय."

श्यामरावानं नांगराच्या मुठीनं घट्टे पडलेलं बोट पुढं केलं. डॉक्टरांनी टोचलं. रक्त खरंच आलं की नाही हे डोमानं वाकून पाहिलं, आणि मग फार मोठे उपकार केल्यासारखा आपला हात दिला.

"हा तुमचा थेंबबी पाहू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाहा ना. आमच्या घरान्यात काय सापडनार? खोट होती ते गेली मायेरी."

श्यामरावाची सून, डोमाची आई रुखमा, माहेरी गेली नव्हती, तिला घालवली होती. आणि ज्या शब्दानं घालवली तो शब्द डॉक्टरांच्याच तोंडचा होता.

डॉ. ईश्वर रामटेके मूळचे पवनीचे. आईनं दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी करून त्यांना शिकवलं. नागपुरात मोठी डिग्री झाली, तिथंच राहा असं सर म्हणत होते, आणि या माणसानं स्वतः मागून मोहाडी घेतली. सोबतचे म्हणाले, याचं डोकं फिरलं. पण नागपूरच्या वॉर्डात हाडं धरून रडणारी जी पोरं येत, त्यांतली कितीतरी याच भागातली असत, आणि यायची ती फार उशिरा. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, असा तो आजार. आईबापांकडून येणारा, आणि औषध नसलेला. दवाखान्यामागच्या अडगळीच्या खोलीत डॉक्टरांनी जुना मायक्रोस्कोप मांडला. रक्ताच्या घडणीतली चूक एवढ्याशा एका जागी आहे, तर ती तिथंच दुरुस्त का करता येऊ नये, या एका प्रश्नानं त्यांना लग्नाचंही भान राहिलं नव्हतं. त्यांच्या आईचं या बाबतीतलं मत वेगळं आणि बरंच कडक होतं.

गेल्या पावसाळ्यात ते श्यामरावाच्या गावी शाळेत बोलायला गेले. शेतकऱ्यांना शेतातलंच सांगावं म्हणून त्यांनी करगा काढला. करगा म्हणजे धानात उगवणारं रानटी भात. लोंबी येईपर्यंत हुबेहूब धानासारखंच दिसतं, ओळखू आलं की उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकतात. "हा आजार तसाच हाय," डॉक्टर म्हणाले. "बियात लपून राह्यते, वरून दिसत नाही. माय आन् बाप, दोघांकडूनबी आला तवाच लेकरू बिमार पडते." उदाहरण इतकं चपखल बसलं की सगळे माना डोलवू लागले. डॉक्टर खुशीत परतले.

दोघांकडूनचं मात्र कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. करग्याचं काय करायचं हे तिथं प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं.

"सायेब, तुमी करगा सांगतला आन् श्यामरावनं उपटून फेकला," काही दिवसांनी नर्स निर्मलाबाईंनी सांगितलं. "सुनेले मायेरी धाडली. पोरगं ठेवून घेतलं."

डॉक्टर सायकलवर तडक गेले. पुन्हा गेले. श्यामरावानं दोन्ही वेळा अंगणात बाज टाकली, चहा पाजला आणि विषय निघाला की बैलांना पाणी दाखवायला उठला. रुखमाचा नवरा तेजराम चिखल्याच्या खाणीत कामाला होता. तो बापापुढं तोंड उघडणाऱ्यांतला नव्हता.

आता तोच श्यामराव समोर बसला होता. डॉक्टरांनी दोन काचांवरच्या रक्तात, दोष असला तर पेशी वाकवून दाखवणारा औषधाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली, कडा व्हॅसलिननं बंद केल्या. तोवर निर्मलाबाईंनी डोमाचे गुडघे गरम कापडानं शेकले. तो कण्हत होता आणि मधेच "माय कवा येते?" असं विचारत होता. आजा खिडकीबाहेर बघत होता.

बऱ्याच वेळानं डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले. मग उठून बाजूला झाले. "या, श्यामरावजी. एक डोळा बंद करा."

श्यामरावानं पाहिलं. "हे तं विळे दिसून राहिले!" तो म्हणाला. "माह्या नातवाच्या अंगात एवढे विळे हायेत, बापा?"

"डोमाची काच हे इकडं हाय. ते तुमचं रक्त हाय."

श्यामरावानं पुन्हा डोळा लावला. "मले तं काहीच दुखत नाही."

"नाहीच दुखनार. तुमच्याजवळ या बिमारीचा एकच वाटा हाय. तो तेजरामले गेला. रुखमाजवळ तिच्या घरचा एक. दोन्ही वाटे डोमाच्या नशिबी आले. याच्यात ना तुमची चूक, ना तिची."

श्यामरावानं कण्हणाऱ्या डोमाकडं पाहिलं.

"मंग मले कोन्त्या धुऱ्यावर फेकता, सायेब?" श्यामराव म्हणाला.

"कोनालेच नाही फेकाचं. माहंच सांगनं चुकलं. मानसं म्हंजे धान नाही."

श्यामरावानं नातवाला निर्मलाबाईंच्या हवाली केलं आणि गाडी जुंपली. दुसऱ्या दिवशी गाडीतून रुखमा उतरली. माहेरच्या अंगणात सासरा काय बोलला, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की मामाजी बसले नाहीत, डोक्यावरचा दुपट्टा हातात घेऊन उभेच होते. आई आल्यानं डोमाचं दुखणं थांबलं नाही, पण ती पाय चेपत बसली आणि तो झोपला. डॉक्टरांना त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि फार लाजही वाटली.

पुढं डॉक्टर मुंबईच्या एका संस्थेत गेले. उंदरांच्या हाडांतली मज्जा काढायची, तिच्यातली चूक दुरुस्त करायची आणि परत घालायची, असा तो उद्योग होता. उंदीर मरत. पुन्हा नवे उंदीर. पैसा देणारे साहेब विचारत, किती वर्षं? डॉक्टरांना खोटं बोलता येत नसे, त्यामुळे त्यांची खुर्ची काही मोठी झाली नाही. पण दर हिवाळ्यात, धान कापून झालं की ते बर्फाचा थर्मास घेऊन श्यामरावाच्या घरी येत आणि प्रयोगासाठी डोमाचं रक्त नेत. डोमा मोठा झाला, मिसरूड फुटायला आली, तरी हात पुढं करण्याआधी म्हणायचा, "पयले आज्याले." आजाही मुकाट बोट द्यायचा.

एकदा डोमानं विचारलं, "सायेब, मी दुरुस्त होईन का?"

करग्याच्या वेळेपासून डॉक्टर शब्द तोलून वापरत. "हे जमन एक दिवस," ते म्हणाले. "तुह्यावेळी जमन का नाही, ते मले मालूम नाही रे."

"जमलं तं आज्याले सांगजा. तो लय घोर करते."

त्या वर्षी दिवाळीनंतर डोमाची छाती भरली, ताप चढला आणि तो गेला. डॉक्टरांना मुंबईला कळायला वेळ लागला. ते आले तेव्हा अंगणात कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचे पुंजने रचलेले होते. तेजराम खाणीवर परत गेला होता. डॉक्टरांनी सवयीनं आणलेला थर्मास पिशवीतच ठेवला, पिशवी बाजेखाली सरकवली, आणि मग त्यांना रडू आवरलं नाही. ज्या घराला द्यायचं होतं, त्याच घरातून ते इतकी वर्षं फक्त नेत आले होते.

रुखमानं पाण्याचा तांब्या आणला. तिची नजर बाजेखाली गेली. तिनं पिशवी ओढून बाहेर काढली आणि डॉक्टरांसमोर ठेवली.

"रुखमा, आता कायले?" डॉक्टर म्हणाले.

"दुसऱ्याइचे लेकरं हायेत ना, सायेब. माहंबी घ्या. पन पयले..." तिनं सासऱ्याकडं पाहिलं.

श्यामराव भिंतीला टेकून बसला होता. तो फार थकला होता, हात सारखे थरथरत. त्यानं बाही वर केली आणि हात पुढं केला.

डॉक्टरांनी सुई काढली, पण त्यांना नीट दिसत नव्हतं. रुखमा सासऱ्याजवळ खाली बसली आणि तो हात हलू नये म्हणून तिनं खालून धरून ठेवला.